राखणदाराला सांगितलेली जाहिरात

यंदाच्या हंगामाच्या जाहिरातीचे शब्द घालायला लॅपटॉप उघडून बसले, की अजूनही मी एकदा मान वळवून मागे बघते. मागे खिडकी आहे, खिडकीबाहेर फणस आहे आणि फणसाखाली सासऱ्यांची खुर्ची आहे. खुर्चीत कुणी नसतं हे मला ठाऊक असतं, तरी बघते. एके काळी कुणीतरी आपल्यावर टपून आहे या भीतीने मी अशी बघायची. आता त्या खुर्चीत कुणीतरी असावं म्हणून बघते.

गोव्यात हळर्णला आमच्या घरामागे, नदीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर, चिऱ्यांच्या तीन खोल्या आहेत. पाहुण्यांसाठी त्या बांधायची कल्पना माझी. नवरा पेडण्याला एका कचेरीत कारकून. सकाळी मोटारसायकलवरून जायचा आणि संध्याकाळी मान दुखते म्हणत परत यायचा. त्याने एकदाच सांगितलं होतं, "ह्यां सगळां तुझ्या डोक्यावर आसा हां. बुडलां तर तुझां." मी हो म्हटलं होतं. नवी सून म्हणून आले तेव्हापासून या घरात 'पाळीची' हेच माझं नाव होतं. पाळी म्हणजे डिचोली तालुक्यातलं खाणपट्ट्यातलं गाव, माझं माहेर. तिथल्या माणसांच्या अंगाला लाल धूळ आणि जिभेला लाल बोली, असं इथले लोक चिडवायचे. मी 'कितें' म्हटलं की सासरे हसून 'काय, काय म्हण गो' म्हणायचे. त्या तीन खोल्या चालल्या तर मी या घरची होईन, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पण हळर्णला येणार कोण? इथे समुद्र नाही. नदी आहे, जुन्या किल्ल्याची पडकी भिंत आहे, भातशेती आहे आणि काजू आहेत. पहिला हंगाम कोरडा गेला. दुसऱ्या हंगामात मी सर्चवर जाहिरात द्यायला शिकले. म्हणजे फोनवर कुणी काही शोधायला शब्द लिहिले की त्या शब्दांवर ज्याची बोली लागली असेल त्याची जाहिरात सगळ्यात वर दिसते. सासऱ्यांना हे समजावायला मला फार कष्ट पडले नाहीत. आमच्याकडे देवळाच्या आवारात नारळ-फणसांची पावणी होते, काजूच्या डोंगरांचीही होते. पावणी म्हणजे लिलाव. मी म्हटलं, "मामानू, तशीच शब्दांची पावणी."

त्यांनी हातातली विडी विझवली. गोवा घटकराज्य व्हायच्या आधीच्या कोकणी-मराठी वादात ते मराठीच्या बाजूने मोर्चांना गेलेले. तेव्हा मी पाळीच्या शाळेत पाटी फोडत होते. ते म्हणाले, "शब्दांसाठी आमी रस्त्यावर उतरलेलों. आणि तू ते पावणीन घेतंस?" मग त्यांनाच हसू आलं. "घे, घे. पण बरे बघून घे. पावणीत किडको नारळ गळ्यात घालतत."

बरे शब्द कुठले, ते मला पाहुण्यांनीच शिकवलं. 'गोवा', 'खोली', 'समुद्र' हे शब्द मोठी हॉटेलं घेऊन बसलेली. आमच्यासारख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. पण एकदा कोल्हापूरकडचं एक जोडपं तान्हं मूल घेऊन किनाऱ्यावरून आमच्याकडे आलं. मूल रडून रडून बेजार झालेलं. आल्या आल्या तिघंही झोपली ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला उठली. मी त्या बाईला विचारलं, की तुम्ही फोनवर काय लिहिलंत म्हणून आम्ही सापडलो? तिने लाजत दाखवलं. तिने लिहिलं होतं, 'बाळ झोपत नाही आवाज बंद कधी होतो'.

हा प्रश्न होता. खोली शोधायचे हे शब्दच नव्हते. तिने कुणाला तरी केविलवाणेपणाने विचारलं होतं आणि आमची जाहिरात कशीबशी खाली कुठेतरी दिसली होती. त्या दिवसापासून मी हेच करायला लागले. येईल त्याला पेज आणि लोणच्याबरोबर हाच प्रश्न विचारायचा, आणि त्याने सांगितलेले शब्द घ्यायचे. 'ढोल किती वाजता थांबतात'. 'कानात घालायचा कापूस कुठे मिळेल'. 'आईला आवाज सहन होत नाही गोवा'. हे शब्द कुणीच घेतलेले नव्हते. आणि जाहिरात मी फक्त किनाऱ्यावरच्या गावांत दिसेल अशी लावली. जो तिथे झोपेविना तळमळतोय, त्यालाच ती दिसणार. बाकी मुलुखात, अगदी आमच्या हळर्णात बसून कुणी तेच शब्द लिहिले तरी दिसणार नाही.

मलाही दिसायची नाही. म्हणून मी आमच्या पोदेराला धरलं. पोदेर म्हणजे पाववाला. तो सकाळी किनाऱ्यावरच्या शॅक-हॉटेलांना पाव टाकून मग आमच्याकडे उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन यायचा. मी सांगितलेले शब्द तो तिथे आपल्या फोनवर लिहायचा आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून आणायचा. उंडे मोजून घेता घेता मी फोटो बघायची. आमची जाहिरात एकटीच असायची, वर. हंगाम भरला. नवऱ्याने कचेरीतल्या चार माणसांना पेढे दिले. मला कळू न देता दिले, पण मला कळलंच.

तिसऱ्या हंगामात पोदेराने एक फोटो आणला आणि पुढे धरला. आमच्या जाहिरातीखाली दुसरी एक जाहिरात होती. शब्द आमचेच, 'बाळ झोपेल अशी खोली, हळर्ण'.

ती कुणाची हे शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, पलीकडे एकाने काजूचा डोंगर घेतला होता आणि कडेला दोन खोल्या काढल्या होत्या. मूळचा सिंधुदुर्गातला, पण बापापासून पाळीला राहिलेला. खाणीवर टिपर चालवायचा. खाणी थांबल्या तशी काजूच्या दारूची भट्टी लावायला इथे आला. भट्टीबरोबर पाहुणेही ठेवावेत, असं आम्हाला बघून त्याच्या मनात आलं असावं. तसं काही वाईट नाही. पण माझ्या शब्दांपर्यंत तो पोचला कसा, हे मला कळेना.

मी शब्द बदलले. महिना व्हायच्या आत तेही त्याच्याकडे होते. पुन्हा बदलले, पुन्हा तेच. मी घाबरले. दुसऱ्याच्या जाहिरातींवर नजर ठेवायची साधनं असतात, त्यांच्याबद्दल कुठे कुठे वाचून काढलं. पासवर्ड बदलला. घरातल्या फोनमधून जाहिरातीचं खातं काढून टाकलं. जिथून परत परत जाहिरातीवर फुकटच्या टिचक्या, म्हणजे क्लिक, पडत होत्या ते ठिकाण बंद केलं. आमच्या वेबसाइटच्या पत्त्यात शब्द दिसायचे, तेही पुसले. विहिरीला कठडा बांधावा तसं मी चारी बाजूंनी बांधून घेतलं, तरी पाणी कुणीतरी काढतच होतं.

तेव्हापासून मला पाठीमागे माणूस उभा असल्यासारखं व्हायला लागलं. नवा शब्द सुचला की आधी दार लावायची. स्वयंपाकघरात भाकऱ्या करताना मनात शब्द जुळवायची आणि ओठ हलले तर नाहीत ना, म्हणून हात थांबवायची. पाहुण्यांना तो प्रश्न विचारताना आवाज खाली करायची. एका पाहुणीने विचारलंसुद्धा, की घरात कुणी आजारी आहे का?

आणि मग नवऱ्याने ते म्हटलं. जेवताना म्हटलं, शांतपणे. "शब्द कोणाक म्हायत? तुका. तो खंयचो? पाळीचो. तुझ्या म्हायेरचो."

मला आधी वाटलं तो थट्टा करतोय. त्याने वर बघितलं नाही, तेव्हा कळलं. मी म्हटलं, "तुमका असां दिसता?"

"माका काय दिसता तां सोड. लोकांक दिसता."

सासरे पलीकडे जेवत होते. त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "लोक गेले खड्ड्यात. सुनेक असां बोलूचां नाय," एवढंच ते म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. मला त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्या घरात माझ्या बाजूने बोललेलं ते एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता चोर हाताने धरायचा. तीन शब्द तयार केले. एक नवऱ्याला सांगितला, 'शांत झोपेचं गाव'. एक कुणालाच सांगितला नाही. तिसरा सासऱ्यांना सांगितला. हंगामातले नवे शब्द ते मला दरवेळी विचारायचे, मीही, बाकी सगळ्यांपासून लपवत असले तरी, त्यांना कौतुकाने सांगायची. सांगण्याची जागासुद्धा ठरलेली, फणसाखाली त्यांच्या खुर्चीशेजारी. पण यावेळी मी त्यांना असा शब्द दिला, की जगात कुणी झोपेविना मेला तरी तो लिहिणार नाही. 'कोंबडा आरवतो ती खोली'. त्यांच्यावर संशय होता म्हणून दिला नाही. मोजणी पुरी व्हावी म्हणून दिला. त्यांना तो फारच आवडला. "आणि कोंबडो आमचो आसाच," ते म्हणाले.

तिन्ही शब्द मी खऱ्याखुऱ्या जाहिरातीत घातलेच नव्हते. बाहेर ते दिसले, तर घरातूनच गेलेले असणार.

महिन्याभरात पोदेराने फोटो आणला. किनाऱ्यावरच्या गोंगाटात, कुणीतरी पैसे मोजून, अगदी वर, जाहिरात लावली होती. 'कोंबडा आरवतो ती खोली, हळर्ण'.

पोदेर हसत सुटला. मलाही हसू आलं असतं. पण हातातली उंड्यांची पिशवी मला जड वाटायला लागली. सासरे? ज्यांना फोनचं हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं हे चष्मा लावून बघावं लागतं, ते? मी त्या खुर्चीकडे बघितलं. ते उन्हात पाय पसरून विडी ओढत होते. माझ्या बाजूने बोललेला माणूस हाच होता.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळा ठेवला. अवसेच्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे नारळ, विडा, विड्या आणि बाटलीत थोडा उर्राक, काजूची हलकी दारू, घेऊन राखणदाराकडे निघाले. राखणदार म्हणजे आमच्या वाड्याची सीमा राखणारा देव. डोंगराच्या पायथ्याशी एका झाडाखाली त्याचा दगड आहे. तो वाड्याभोवती फिरतो, म्हणून त्याला वर्षाला चामड्याच्या वहाणा ठेवतात आणि वर्षाने त्यांचे तळ झिजलेले असतात. मी स्वतः झिजलेले पाहिले आहेत. नवरा म्हणायचा, की कुणीतरी गुराखी घालत असेल. गुरं तरी कुठे राहिली आहेत, हे मी त्याला विचारलं नाही.

सासरे तिथे जाऊन गाऱ्हाणं घालत हे मला माहीत होतं. ते आमच्या घरातल्या थोरल्याचं काम. गाऱ्हाणं म्हणजे घरात जे चाललं आहे ते देवासमोर मोठ्याने सांगायचं. काही लपवायचं नाही, कारण ज्याला माहीतच नाही तो राखणार काय? आणि सांगणाऱ्याने स्वतः 'व्हय' म्हणायचं नसतं. दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. हे सगळं त्यांनी मला लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण 'व्हय' म्हणायला त्यांच्याबरोबर कोण जातं, हे मी कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याला कचेरी असायची, मला पाहुणे.

त्या सकाळी ते फुलं विसरले म्हणून मी ती घेऊन मागोमाग गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. आवाज दुरूनच ऐकू आला. म्हातारपणी बसलेला तो आवाज तिथे भरून आला होता.

"हे राखणदारा म्हाराजा! आज तुझां लेकरू तुझ्या पायाकडे उभां आसा."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या सुनेन शिवेभायल्या माणसांसाठी तीन खोली बांधल्यान, तेंच्यार तुझी नजर आसूंदी."

"व्हय म्हाराजा!"

"पावणीन तिणां शब्द घेतल्यान. ते तुका सांगतंय, राखून ठेव. कोंबडो आरावता ती खोली..."

"व्हय म्हाराजा!"

'व्हय' म्हणणारा तो होता. डोंगरवाला, पाळीचा. वहाणा बाजूला काढून, डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन, डोळे मिटून उभा होता. गाऱ्हाण्याच्या वेळी जवळ असेल त्याने थांबावं आणि 'व्हय' म्हणावं हीच रीत. त्याने रीत पाळली होती. पलीकडे झाडाला टेकवून त्याची स्कूटर उभी होती. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तो त्यांना तिच्यावरून आणत होता.

मी फुलांची परडी घेऊन तशीच उभी राहिले. एवढे पासवर्ड, एवढी कुलपं, बंद दारं, दाबलेले ओठ. आणि आमची सगळी जाहिरात महिन्याच्या महिन्याला डोंगराच्या पायथ्याशी खणखणीत आवाजात वाचून दाखवली जात होती.

गाऱ्हाणं संपल्यावर त्याने मला बघितलं. चोर पकडला गेल्यासारखा चेहरा करील म्हणून मी वाट बघत होते. तो जवळ आला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "वैनी, त्या कोंबड्याच्या शब्दान एक माणूस येवक नाय. असलो कसलो शब्द घेतलास?"

मी परडी खाली ठेवली. आणि म्हटलं, "आमचे शब्द तुमी उचललास."

"उचललंय?" तो खरोखर दुखावला. "राखणदाराच्या फुड्यात सांगलेलां सगळ्या वाड्याचां आसता. मी काय तुमच्या परसात कान लावन बसलंय?" मग सासरे पुढे गेल्याचं बघून आवाज उतरवून म्हणाला, "काकांच्या वांगडा तुमच्या घरातलां कोण येना. एकदा ते एकटेच थंय उभे ऱ्हवन कोणाची तरी वाट बघी होते. व्हय म्हणूक माणूस नाय. माका बघवक नाय, म्हणान मी येवक लागलंय."

तो लबाड होता की नव्हता, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. शब्द त्याने घेतले, हे खरं. म्हाताऱ्याला स्कूटरवरून आणलं आणि 'व्हय' म्हटलं, हेही खरं.

पण माझ्यावर आळ होता. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं आज सहज म्हणता येईल. त्या दिवशी मला म्हणता येत नव्हतं. मी त्या घरात चोर म्हणून जेवत होते. नवरा ऐकून हसला, मग त्याला राग आला. माझी माफी त्याने मागितली नाही, पण माझ्या ताटात त्याने स्वतःच्या हाताने माशाची तुकडी वाढली. आमच्याकडे तेवढं पुरतं. त्यानंतर तो वडिलांकडे गेला. मी आत होते. शब्द ऐकू आले नाहीत. सासऱ्यांचं एक वाक्य तेवढं ऐकू आलं. "राखणदारापासून लपवू?"

पुढच्या अवसेला आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो. नवऱ्याने कचेरीला सुट्टी टाकली. वडिलांबरोबर तिथे जाण्याची त्याची ती कितीतरी वर्षांतली पहिली खेप, आणि तीही पहाऱ्यासाठी. तो डोंगरवाला लांबवर आपल्या कुंपणाशी उभा होता, जवळ आला नाही. सासऱ्यांनी त्या दिवशी वर्षाच्या नव्या वहाणा आणल्या होत्या. दगडासमोर त्या जोडीने ठेवल्या, नारळ ठेवला, उर्राक शिंपडला आणि हात जोडले.

"हे राखणदारा म्हाराजा. आज तुझां लेकरू तुझ्या पायाकडे उभां आसा."

नवरा इकडे तिकडे बघत होता. 'व्हय' म्हणायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिथे बायका म्हणत नाहीत, म्हणून मी थांबले. सासरे थोडे थांबून पुढे गेले. घरादाराचं, शेताचं, नदीच्या पाण्याचं सांगून झालं. खोल्यांपाशी आले आणि आवाज अडकला. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. दगडाकडेच बघत, अगदी साध्या आवाजात, शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाले,

"घरात एक गजाल आसा. ती तुका सांगा नको, असां माका सांगलेलां आसा. तेवढी सोड. बाकीचां राख."

कुणीच 'व्हय' म्हटलं नाही. कुंपणाजवळच्या माणसाने तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटून घेतलं. सासरे तसेच हात जोडून उभे राहिले, कितीतरी वेळ. मग नवरा म्हणाला, "चला बाबा, उन्हां झाली." ते वळले. चढ उतरताना त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, यापेक्षा मी चोरच ठरले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर ते राखणदाराकडे गेले नाहीत. अवस आली की खुर्चीत बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "मामानू, चला, मी येतंय वांगडा." ते हसले. "आता तेका सांगण्यासारखां माझ्याकडे काय ऱ्हवलां नाय गो." नवे शब्दही त्यांनी मला कधी विचारले नाहीत. विचारले नाहीत म्हणून सांगितलेही नाहीत. त्यावर्षी काजू संपून पाऊस लागला आणि पावसातच ते गेले. फार आजारीही नव्हते. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, आणि वय होतंच.

जाहिरातीचं म्हणाल तर त्यानंतर एकही शब्द बाहेर गेला नाही. डोंगरवाल्याने दोन हंगाम ओढले, मग खोल्या बंद करून पाळीला परत गेला. पुन्हा कुणाची तरी गाडी चालवतो, असं ऐकलं. सासऱ्यांच्या बाराव्याला तेवढा जेवायला आला होता, शेवटच्या पंगतीत बसला आणि माझ्याशी न बोलता गेला. आमच्या खोल्या भरलेल्या असतात. किनाऱ्यावर कुणाचं मूल रडतं, कुणाच्या आईला आवाज सोसत नाही, आणि आमचीच जाहिरात वर येते, एकटी. लोक येतात, झोपतात, उठून म्हणतात, की किती दिवसांनी अशी झोप लागली. मला मात्र लागत नाही. नवा शब्द सुचला की तो कुणाला तरी सांगावासा वाटतो, आणि फणसाखाली कुणी नसतं.

यंदा हंगामाआधी, अवसेच्या सकाळी, कुणाला न सांगता मी नारळ घेऊन डोंगराखाली गेले. झाडाखाली पाचोळा साचला होता. दगडासमोर त्या वहाणा तशाच जोडीने होत्या, त्यांनी ठेवलेल्या. पावसाने चामडं पांढरट झालं होतं, वरून बुरशी धरली होती. मी एक उचलून उलटी केली. तळ नवा होता. कुठे घासल्याची खूण नव्हती. मी ती हळूच परत ठेवली.

मग मी माझी चप्पल बाजूला काढली आणि गाऱ्हाणं घातलं. बाईने घालू नये म्हणतात. म्हणोत. सासऱ्यांची सुरुवात मला पाठ होती. घराचं सांगितलं, शेताचं सांगितलं, आणि मग यंदाचे सगळे शब्द सांगितले, एकही न गाळता, खरेखुरे, ज्यांना मी जीवापाड जपते ते. 'बाबांना झोप हवी आहे'. 'खिडकी बंद केली तरी आवाज येतो'. 'इथून लांब कुठे जाता येईल'. मी ते मोठ्याने सांगितले. माझा आवाज त्यांच्यासारखा भरून येत नव्हता, म्हणून आणखी मोठ्याने सांगितले. पलीकडच्या ओसाड कुंपणापर्यंत जावा एवढा आवाज काढला.

आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की कुणीतरी चोरून ऐकत असावं. काजूच्या झाडांमागे कुणी उभा असावा, त्याने टॉवेल हातात घेऊन डोळे मिटावेत, हवे तेवढे शब्द न्यावेत.

ऊन चढलं. नदीकडून होडीच्या इंजिनाचा आवाज आला आणि लांब गेला. मी बरीच वाट बघितली. मग मीच 'व्हय म्हाराजा' म्हटलं, चप्पल घातली आणि घरी आले.